मदत हवी आहे: 'तो मान्यच करत नाही' म्हणतात, पण मला तसं वाटत नाही

मंडळी, धाकट्या भावासाठी लिहितेय. वय ३८, बारा-तेरा वर्षं पितोय. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं, दोन्ही वेळा मुदत संपायच्या आधीच निघून आला. कागदावर शेरा एकच: 'समस्या मान्य करत नाही.'

आधीच सांगते, मला औषधांना पर्याय नकोय. मागे एकदा त्याने स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला फिट आली. तेव्हापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही काहीही करत नाही.

अडतंय ते बोलण्यापाशी. केंद्रात रोज गटाची बैठक असायची. सगळ्यांसमोर नाव सांगायचं, 'मी व्यसनी आहे' म्हणायचं आणि मग घरातलं सगळं मोकळेपणाने बोलायचं. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेमुळे ही पद्धत जगभर गेली, तिने कितीतरी माणसं उभी राहिली, हे मी मानते. पण वडिलांबद्दल परक्यासमोर अवाक्षर काढायचं नाही, हे आम्ही दोघं लहानपणापासून शिकलो. आणि त्याच्या पिण्याची सुरुवात वडिलांपाशीच आहे. तो गप्प बसला. त्या गप्प बसण्याचाच अर्थ लावला गेला.

दुसरी गोष्ट. नैराश्य तपासायचा नऊ प्रश्नांचा फॉर्म असतो ना, 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं' वगैरे, तो त्याने माझ्यासमोर भरला. त्या प्रश्नापाशी पेन क्षणभर थांबलं, मग 'अजिबात नाही'वर खूण केली. त्याच रात्री जिन्यात बसून मला म्हणाला, "ताई, छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं गं. श्वास खालपर्यंत जातच नाही." हृदयाच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्यात. खोटं बोलला नाही तो. 'उदास' हा शब्द त्याने स्वतःसाठी कधी वापरलाच नाही, बस.

वाचताना कळलं की डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१३ च्या अमेरिकन पुस्तकात, माणसाचा त्रास त्याच्याच शब्दांत समजून घेण्यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत दिलेली आहे. तुमच्या त्रासाला तुम्ही काय म्हणता, घरच्यांना तो कसा सांगाल, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, असे साधे प्रश्न. हे त्याला आजवर कुणीच विचारलेलं नाही. कॅनडातल्या अल्कली लेकच्या आदिवासींबद्दलही वाचलं. १९७२ मध्ये एका जोडप्यापासून सुरुवात झाली आणि काही वर्षांत जवळजवळ सगळ्या वस्तीने दारू सोडली. तिथे अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकाही होत्या आणि त्यांचे स्वतःचे जुने विधीही. एकासाठी दुसरं सोडावं लागलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण संस्कृतीच्या नावाखाली आम्हीच त्याला पाठीशी घालतोय का, हीसुद्धा भीती आहे. आईने कित्येक वर्षं 'त्याला पित्ताचा त्रास आहे' असं सांगून नातेवाइकांसमोर वेळ मारून नेली. लाज राखायची तीही याच घराची रीत. त्यातच सहा वर्षं हातची गेली.

तर विचारायचं हे:

समुपदेशकांना 'याच्याशी एकट्याशी बोला, त्याच्या शब्दांत बोला' हे कसं सांगावं, म्हणजे त्यांना ती आमची पळवाट वाटणार नाही? त्या १६ प्रश्नांच्या मुलाखतीबद्दल घरच्यांनी विचारलेलं चालतं का? कुणी विचारलंय का?

गटात न बोलता नुसतं ऐकत बसायची मुभा कुणाला मिळाली होती का? नंतर बोलावंसं वाटलं का?

आणि ज्यांच्या घरात वडीलधाऱ्यांनी पुढे केलेला पेला परत करणं म्हणजे त्यांचा अपमान, त्यांनी पहिल्या वर्षातली लग्नकार्यं कशी निभावली? जायचंच नाही, की आधी कुणाच्या तरी कानावर घालून ठेवायचं?

नव्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. या वेळी 'मी येतो' असं तो स्वतःहून म्हणालाय. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं हे त्यांना मी आधी सांगू, की त्यालाच सांगू देऊ?