प्रतिसाद: 'सत्ता गाजवा' एवढंच नाही

वर एकांनी लिहिलंय की बायबलच माणसाला सृष्टीवर सत्ता गाजवायला सांगतं, मग पोपनी हवामानावर का बोलावं? अहो, याच आक्षेपाला पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात थेट उत्तर दिलंय. बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्याच पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातली 'सत्ता' दुसऱ्या अध्यायाला जोडून वाचा, तिथे माणसाला बागेत ठेवलंय ते तिची मशागत आणि राखण करायला. आपल्याकडे वाटेकऱ्याला रान दिलं म्हणजे बांध फोडून माती विकायची मुभा मिळते का? तसंच हे.

बरं, पर्यावरणाची ही काळजी पोप फ्रान्सिस यांच्यापासूनच सुरू झालं असंही नाही. त्यांच्या आधीचे एक पोप, दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्येच असिसीच्या संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत ठरवलं होतं.

मी काही ख्रिस्ती नाही. पण धरतीचा आक्रोश आणि गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐका, हा 'लाउदातो सी'मधला मुद्दा सांगलीकराला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात आलं तेव्हा वरचा मजला असलेले वर गेले. पत्र्याच्या खोलीत राहणारे कुठे जाणार? जत-आटपाडीकडं तर पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात पिढ्या गेल्या.

एसीच्या वाढत्या वापरावरही त्यात टोमणा आहे. तो मी एसीत बसूनच वाचला, ते सोडा. पोप फ्रान्सिस यांच्याच २०२३ च्या 'लाउदाते देउम' या पुढच्या पत्रात सूर आणखी कडक आहे, जमल्यास तेही वाचा.