खात्यात पैसे, हातात नाहीत : परदेशी दंगलीत अडकलेल्यांचे अनुभव

बँकेतल्या परकीय चलनाच्या काउंटरवर मी उभी नोकरी काढली. परदेशी निघालेला कोल्हापुरी माणूस डॉलरचा दर विचारतो, कमिशनवर हुज्जत घालतो, चटणी बॅगेत चालते का तेही विचारतो. तिथं दंगा झाला आणि पैसे निघेनात तर काय, हे मात्र कुणी विचारत नाही. २०२२ ला कोलंबो, २०२४ ला ढाका, २०२५ ला काठमांडू असं शेजारीच एकामागून एक पेटत गेलं आणि ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येत राहिला. रडगाणं बहुधा एकच, खात्यात आहेत पण हातात येत नाहीत. ज्यांच्यावर असं गुदरलंय त्यांनी इथं लिहावं. राजकारण नको, पोटापाण्याचं लिहा. काय खाल्लं, पैसे कुणी दिले, घरी कसे पोचलात.

काठमांडू, २०२५ (राजारामपुरीतून)

पशुपतिनाथ झालं होतं, मुक्तिनाथला निघणार होतो. ८ सप्टेंबरला पोरांच्या मोर्चावर गोळीबार झाला, १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला तरी संसद आणि सिंहदरबार, म्हणजे तिथलं मंत्रालय, जळतच होते. ठमेलमधल्या आमच्या हॉटेलच्या गच्चीवरून धूर दिसायचा. विमानतळ बंद, कर्फ्यू, शटरं खाली. आमच्यातली तरणी मंडळी सगळं मोबाईलवर स्कॅन करून भागवत होती. भारतातलं यूपीआय तिथं मार्च २०२४ पासून चालतं, पण स्कॅन करायला दुकान उघडं पाहिजे ना! यात्रावाल्याचा फोन बंद. त्यानं हॉटेलचे पैसे भरलेत की नाही, हे हॉटेलवाल्यालाही नीट सांगता येईना.

पुरुषांच्या पाकिटात पाचशेच्या नोटा. तिथं तेव्हा आपल्या शंभरापर्यंतच्याच नोटा चालायच्या. शेवटी आम्ही बायकांनी बटवे पालथे केले. देवापुढं ठेवायला, वाटेत कुणाची ओटी भरायला म्हणून आणलेल्या दहा, वीस, पन्नासाच्या नोटा पलंगावर ढीग करून मोजल्या. माझ्या नणंदेनं तर साडीच्या घडीत पिनेनं टाचलेली शंभराच्या नोटांची घडी काढली. तिच्या नवऱ्यालाही पत्ता नव्हता, तो नुसता बघतच राहिला. आपल्या शंभराचे तिकडचे एकशे साठ, दर बांधलेलाच आहे, त्यामुळं हॉटेलच्या स्वयंपाक्याशी हिशेब सोपा गेला. त्यानं कुठल्याशा मागच्या दारानं तांदूळ, मसूर, बटाटे आणले. दोन्ही वेळा डाळभात. एकीनं कांदालसूण चटणीची बरणी काढली, तर तो स्वयंपाकीच ताटली घेऊन पुढं आला.

१० तारखेला संध्याकाळी विमानतळ उघडला, पण तिकिटांना हात लावायची सोय नव्हती. कर्फ्यू सैल झाल्यावर जीप ठरवून सीमेवरच्या सोनौलीला आलो. जीपवाल्याला निम्मे दिले. निम्मे सीमेपलीकडं एटीएममधून काढून आणेपर्यंत नणंद त्याच्या जीपमध्ये तारण म्हणून बसली. अजून त्यावरून आम्हाला ऐकवते.

बँकॉक, २००८ (शिवाजी उद्यमनगर)

आमची फौंड्री. मशीन बघायला गेलतो. २५ नोव्हेंबरला पिवळ्या शर्टवाल्या आंदोलकांनी सुवर्णभूमी विमानतळच ताब्यात घेतला. विमानं बंद, हॉटेलवाला रोजचं भाडं रोज मागतोय. दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा भावाला फोन लावला, पैशाचं काहीतरी बघ म्हणून. तर तिकडनंच आरडाओरडा, "टीव्ही लाव, मुंबईत गोळीबार चाललाय!" आता काय बोलायचं? मी अडकलोय सांगायला फोन केलेला आणि घरची म्हणत्यात, बरं झालं तिथं हाईस, हलू नको. पैशाचं बोलायचं राहूनच गेलं.

ट्रॅव्हलर्स चेक संपलं. मग ज्याच्याकडनं मशीन घ्यायचं होतं त्याच्याच दारात गेलो. म्हटलं, बयाणा परत दे. दिला की गड्यानं, वर एक वेळ जेवायला घातलं. घरी आल्यावर मशीन त्याच्याकडनंच मागवलं आणि भाव केला नाही, आमच्या धंद्यात हे नवलच. शेवटी पट्टायाजवळच्या उतापाव नावाच्या नौदलाच्या तळावरनं विमान मिळालं. चैत्र यात्रेच्या आदल्या दिवशी जोतिबाच्या गाडीला असती तसली गर्दी. सुवर्णभूमी मोकळा व्हायला डिसेंबर उजाडला.

कैरो, २०११ (ताराबाई पार्क)

थोडक्यात लिहितो. इजिप्तमध्ये उठाव झाला आणि जानेवारीअखेर सरकारनं इंटरनेट तोडलं, बँका बंद, एटीएम रिकामी. एअर इंडियाची जादा विमानं आली हे दूतावासाच्या माणसाकडून कळलं. विमानतळापर्यंत जायला टॅक्सीवाला मागेल ते. मनगटावरचं घड्याळ दिलं. लग्नातलं होतं, त्यामुळं सासुरवाडीला बराच काळ सांगितलं नव्हतं.

अल्माटी, २०२२ (कसबा बावडा)

मी तिथं एमबीबीएसला होते. कझाकस्तानात गाडीच्या गॅसचे दर वाढले म्हणून पश्चिमेकडच्या झानाओझेनला आंदोलन सुरू झालं आणि ५ जानेवारीला आमच्या शहरात महापालिकेची इमारत जळली, विमानतळात जमाव घुसला. इंटरनेट गेलं. तिथं भाजीपासून बसपर्यंत सगळं मोबाईलवर चालतं, त्यामुळं एका रात्रीत सगळं शहरच कंगाल झालं. कार्ड म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. आम्हा मुलींच्या खोलीत मिळून रोख इतकी कमी होती की मोजायची लाज वाटली.

होस्टेलखाली एक म्हातारी भट्टीतले नान विकायची. ती आम्हाला एरवी कधी हसलीसुद्धा नव्हती. तिनं शाळेची वही फाडून एका कागदावर खोली क्रमांक लिहायला लावला आणि पुढं रोज एक एक रेघ ओढत गेली. आम्हाला रशियन जेमतेम, तिला इंग्रजी अजिबात नाही. बाहेर बर्फ, अधूनमधून गोळ्यांचे आवाज, आणि आम्ही चहात नान बुडवून खातोय. इंटरनेट आलं त्या दिवशी तिच्यासमोर मोबाईल धरला, तर तिनं तो बाजूला सारून रोखच मागितली. बरोबरच होतं तिचं.

बाबा इकडं वेस्टर्न युनियनच्या काउंटरवर जाऊन भांडून आले म्हणे, पैसे का पाठवत नाही म्हणून.

मी, काउंटरवाला

बावड्याच्या ताईंच्या वडिलांसारखे पुष्कळ जण येतात, म्हणून मध्येच लिहितो. वेस्टर्न युनियनची ती पैसे पोचवायची सेवा भारतात फक्त बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी आहे. इथून बाहेर पाठवता येत नाही, रिझर्व्ह बँकेची परवानगीच तेवढी आहे. काउंटरवरच्या पोरीवर ओरडून उपयोग नाही. परदेशात दुसऱ्या देशातला नातेवाईक असेल तर तो पाठवू शकतो, दुबईचा मेव्हणा इथं कामाला येतो.

दुसरं, २०२० पासून नव्या कार्डावर परदेशातले व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण चालू करायचे. पुण्याच्या विमानतळावर बसून करा, पण करा. तिथं गेल्यावर ओटीपी येतो तो घरी कपाटात ठेवलेल्या सिमवर. फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, असेल तर रिलोडच्या (पुन्हा पैसे भरायच्या) फॉर्मवर सही करून तो घरच्यांकडं द्या, म्हणजे ते शाखेत जाऊन भरू शकतात.

आणि दूतावास. २००९ पासून त्यांच्याकडं भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. खरोखर निराधार झालेल्याची राहायची आणि परतीच्या तिकिटाची सोय त्यातून होऊ शकते. शॉपिंगमध्ये पैसे संपले तर होत नाही, एकानं मला तेही विचारलं होतं.

नारायणगंज, २०२४ (इचलकरंजी)

बांगलादेशात, ढाक्याजवळ सुताची वसुली करायला गेलो होतो. १८ जुलैला इंटरनेट बंद झालं, पाठोपाठ देशभर कर्फ्यू आणि लष्कर. सुरुवातीला दुपारी दोन तास सूट मिळायची, तेवढ्यात जे काय ते करायचं. ज्याच्याकडं माझं लाखांत येणं होतं तो व्यापारी म्हणाला, बँक बंद आहे, मी तरी कुठून देऊ? खोटं बोलत नव्हता, त्याच्याच गल्ल्यात बाजारहाटाला पैसे नव्हते.

हॉटेलच्या मॅनेजरनं बिलाचा विषय काढला नाही. उलट मी निघालो तेव्हा सीमेवरच्या बेनापोलच्या बसला म्हणून स्वतःच्या खिशातले सात हजार टाका हातावर ठेवले. मी कागद लिहून देतो म्हटलं तर नको म्हणाला. पेट्रापोलला आपल्या हद्दीत आल्यावर पहिल्यांदा त्यालाच फोन केला. व्यापाऱ्याचं येणं पुढं वसूल झालं. या माणसाचं देणं मात्र तसंच आहे. ५ ऑगस्टला तिथलं सरकार पडलं, त्यानंतर ते हॉटेल बंद पडलं आणि त्याचा नंबर लागत नाही. इथं एकानं हुंडीवाला सुचवलाय.

मी, काउंटरवाला

हुंडी म्हणजे हवालाच, त्याच्या नादी लागू नका, सात हजार टाकांपायी फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, अडकाल. त्या मॅनेजरचं खातं, शाखा आणि बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशी पैसे पाठवायला लागणारा बँकेचा क्रमांक) मिळवा, बँकेतून रीतसर जाईल. चार्जेस रकमेच्या मानानं डोळ्यात येतील एवढे लागतात, ते सोसा.

इचलकरंजी

चार्जेसचं काही नाही हो. माणूस सापडला पाहिजे. नारायणगंजच्या सूतबाजारात कुणी जाणारं असेल तर हॉटेलची गल्ली सांगतो, शेजारच्या पानवाल्याकडं त्याची चौकशी तेवढी करा.