जुनी शुअर, नवी पिन: पैसे वसूल की नुसती हौस?

तबकडीवेडा
आधी मत सांगतो, मग खुशाल झोडा. घरात अमेरिकन शुअर कंपनीची व्ही-१५ टाइप थ्री ही कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेयरच्या आर्मच्या टोकाला बसून पिनेची थरथर विजेत बदलणारा भाग) पडून असेल, तर नवी घेण्याआधी तिच्यासाठी नवी पिन शोधा. मॉडेल १९७३ चं. इतकं जुनं काय वाजणार, असं म्हणणाऱ्यांनी ती आतून कशी असते ते बघावं. मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात चिमुकलं चुंबक पिनेच्या दांडीच्या मागच्या टोकाला असतं. ते चुंबक, पुढचा हिरा आणि दांडीला धरून ठेवणारं रबर, तिन्ही पिनेबरोबर उपसून हातात येतात. मागे राहतात तांब्याची वेटोळी आणि त्यांचा गाभा. म्हणजे झिजणारं आणि कडक होणारं सगळं बदलता येतं. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचा धंदा गुंडाळला, पण जपानची जिको अजून तिच्या पिना बनवते.

निवांत
मग जुनं उरलं काय? आवाजाचा बराचसा भाग हिऱ्याचा आकार, दांडी आणि रबर ठरवतात, आणि ते सगळं तर जिकोचं. वर शुअरची पाटी, एवढंच. त्यापेक्षा ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ घ्या. एकाच बॉडीवर साध्या गोल पिनेपासून शिबाटा या बारीक घडवलेल्या पिनेपर्यंत काहीही बसतं, आणि दुकानात मिळतं. 'शुअर चालू आहे, पिन नाही' अशा जाहिरातींवर पैसे टाकणाऱ्यांची मला तरी कमाल वाटते.

तबकडीवेडा
@निवांत, वेटोळ्यांना कमी लेखू नका. या शुअरचा इंडक्टन्स (वेटोळ्यांचा विद्युत गुण) ५०० मिलिहेन्रीच्या आसपास आहे. वायर आणि फोनो स्टेज (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर) मिळून ४०० ते ५०० पिकोफॅरड कपॅसिटन्स (विद्युत साठवण) मिळेल असं धरूनच कंपनीने तिचा ट्रेबल (वरचे सूर) बसवला होता. तो बॉडीचा गुण आहे, पिनेबरोबर जात नाही.

मिरजेचा_तंबोरा
इथेच तर अडतं! आजचे बरेच फोनो स्टेज शंभर-दीडशे पिकोफॅरडचे. वायर धरली तरी ४०० गाठत नाही. मग ट्रेबल मध्येच बसतो आणि अगदी वरच्या टोकाला उसळतो, आणि माणूस म्हणतो जुनी कार्ट्रिज बेकार. शिवाय ती मऊ सस्पेन्शनची (दांडीचं रबर लवचिक), एक-सव्वा ग्रॅम भारावर चालणारी. जड आर्मवर लावलीत तर दोघांचा रेझोनन्स (आपसूक डोलण्याचा वेग) ८ हर्ट्झच्या खाली उतरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात माळ्यावर राहून वाकड्या झालेल्या एलपी थोड्या नाहीत. वाकडेपणाची हालचाल त्याच वेगाच्या शेजारची, म्हणून ती आणखी वाढते आणि वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर) नुसता धापा टाकत बसतो. त्यामुळे तबकडीवेडा, 'घरात पडून असेल तर' इथपर्यंत ठीक. मुद्दाम विकत घ्यायला जाऊ नये.

फिरकी
चोर बाजारातून किंवा ऑनलाइन 'सीलबंद, न वापरलेली' मूव्हिंग कॉइल प्रकारची कार्ट्रिज घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. डबा सीलबंद असला म्हणून आतलं रबर म्हातारं व्हायचं थांबत नाही. तिथे वेटोळंच दांडीवर असतं, पिन उपसता येत नाही. रीटिप करणाऱ्याकडे (नवा हिरा बसवून देणाऱ्याकडे) पाठवा, नाहीतर कपाटात ठेवा. साठच्या दशकातलाच आवाज हवा असेल तर डेनॉनची डीएल-१०३ आजही नवीकोरी मिळते. जपानच्या एनएचकेच्या प्रसारणासाठी केलेली रचना आहे, गोल पिन, अडीच ग्रॅम भार. हिला मात्र जडच आर्म लागतो.

७८_आरपीएम
सगळे एलपीवरच बोलताय. आमच्याकडे बालगंधर्वांच्या ७८ च्या तबकड्या आहेत. त्यांची खाच रुंद. एलपीची पाऊण मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त. तीन मिलची पिन हवी. जुन्या रेडिओग्रामची क्रिस्टल कार्ट्रिज लावावी का? वडील म्हणतात, मूळचा आवाज तोच.

मिरजेचा_तंबोरा
वडिलांना नमस्कार सांगा, पण लावू नका. आतला क्रिस्टल रोशेल सॉल्टचा, दमट हवा लागली की खलास. इतके पावसाळे काढल्यावर तो जिवंत असण्याची आशा धरू नका. त्यातून नीलमाची पिन असेल तर ती हिऱ्यापेक्षा कितीतरी लवकर झिजते, आणि झिजलेली पिन तबकडी कापते. बालगंधर्वांच्या रेकॉर्डवर हा प्रयोग कशाला?

निवांत
७८ साठी व्हीएम९५ एसपी आहे, तीन मिलची. हेच म्हणत होतो मघापासून.

तबकडीवेडा
७८ पुरतं @निवांत यांचं ऐका. एलपीसाठी मी माझी शुअर सोडत नाही. कपॅसिटन्स कमी पडतो तिथे दोनशे-अडीचशे पिकोफॅरडचे कपॅसिटर फोनो इनपुटला डकवता येतात, किरकोळ पैशांचं काम. आर्म जरा जड असेल तर १९७८ ची टाइप फोर बघा. तिच्या पुढचा ब्रश धूळ तर झाडतोच, शिवाय वाकड्या रेकॉर्डवर आर्मचं उसळणंही आवरतो.

मिरजेचा_तंबोरा
तो ब्रश खाली असताना ट्रॅकिंग फोर्स (रेकॉर्डवर टेकणारा भार) अर्धा ग्रॅम जास्त लावायचा, हेही लिहा. तेवढा भार ब्रशच उचलतो. नाहीतर पिनेवर वजन कमी पडून तानेत आवाज फाटेल, आणि इथे येऊन लोक शुअरला शिव्या देतील.