पोराला ब्रूस ली व्हायचंय : कराटे, तायक्वांदो की तालीम? (कोल्हापूर, महिना ८००)

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. मुलगा १२ वर्षांचा, सातवीत. सुट्टीत ब्रूस ली, जॅकी चॅन, जेट ली यांचे मिळतील तेवढे सिनेमे बघून झाले. आता जेवताना, झोपताना एकच प्रश्न, "बाबा, यातला खरा लढणारा कोण? मला तेच शिकायचंय." मला काही सांगता येईना. राहायला मंगळवार पेठेत. महिना ८०० च्या वर झेपणार नाही, सुरुवातीचा ड्रेस वगैरे धरून आणखी २०००. वेळ संध्याकाळी ६ नंतर. काय शिकवू?

किकमास्टर९०
तायक्वांदो, डोळे झाकून. मी सहा वर्षं केलंय. छातीचं गार्ड, हेल्मेट, शिन गार्ड मिळून पहिल्याच वर्षी माझे ७००० गेले, पण एक रुपया वाया गेला नाही. २००० पासून ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ आहे. कराटे टोकियोत एकदा आलं आणि गेलं.

तांबडीमाती
घरापासून कुस्तीचं खासबाग मैदान चालत आणि पोराला चिनी सिनेमा दाखवून सल्ला विचारतोयस भावा? तालमीत घाल. लांग आणि लंगोट, दुसरं काही लागत न्हाई. पहाटे साडेचारला उठव, जोर-बैठका मार म्हणावं, सहा महिन्यांत पोरगं ओळखू येणार न्हाई. खुराक मात्र चोख पाहिजे. दोन लिटर म्हशीचं दूध, बदाम, तूप. त्यात काटकसर करू नको.

पंचगंगाकाठ
दादा, दोन लिटर दुधातच ८०० च्या पुढं जातंय. आणि वेळ संध्याकाळची लिहिली होती.

तांबडीमाती
खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीला जायचे होते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. म्हणून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक मिळालं. ह्या गावात पैलवानासाठी पैशाचा हिशेब कुणी केला न्हाई.

उत्तरेश्वरचा_वाचक
मूळ प्रश्न बाजूला पडला. पोरानं विचारलंय की खरा लढणारा कोण, तर आधी त्याचं उत्तर देतो. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

जेट ली. वुशू म्हणजे चिनी युद्धकला, तिचा १९७४ पासून पाच वेळा चीनचा राष्ट्रीय विजेता, पहिल्यांदा जिंकला तेव्हा जेमतेम ११ वर्षांचा. पण ती स्पर्धा 'ताओलू'ची, म्हणजे ठरलेल्या हालचाली बिनचूक करून दाखवायच्या, गुण पंच देणार. समोर मारणारा माणूस नसतो. तो असतो वुशूच्या दुसऱ्या प्रकारात, 'सांदा'त. जॅकी चॅन पेकिंग ऑपेराच्या शाळेत लहानपणापासून दहा वर्षं राबला. कोलांट्या, गाणं, तलवार, मार खाणं, सगळं शिकला, पण ते रंगमंचासाठी. मारधाडीच्या सिनेमांतली नटी मिशेल यो, तिची सुरुवात तर बॅले नाचापासून.

आता दुसरी बाजू. हॉलिवूडचा नट चक नॉरिस अमेरिकेच्या हवाई दलातून कोरियाला गेला, तिथं तांग सू दो ही कोरियन युद्धकला शिकला. पहिल्या काही स्पर्धा हरला आणि १९६८ मध्ये व्यावसायिक कराटेत मिडलवेट विजेता झाला. दुसरा नट डॉल्फ लुंडग्रेन १९८० आणि १९८१ चा क्योकुशिन कराटेचा युरोपियन विजेता. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण ताकदीनं मारतात. हे दोघं खरोखर लढलेले.

ब्रूस ली या दोन्हींच्या मध्ये. हाँगकाँगला इप मान या गुरूकडे विंग चुन हा कुंग फूचा प्रकार शिकला, १९५८ मध्ये शाळाशाळांची बॉक्सिंग स्पर्धा जिंकला (त्याच वर्षी चा-चा नाचाचीही). मोठ्या स्पर्धांत उतरला नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत ओकलंडला वाँग जॅक मन या कुंग फूवाल्याशी बंद दाराआड झुंज झाली, तिची हकीकत दोन्ही बाजू वेगवेगळी सांगतात. पण स्वतः ली त्या दिवशी स्वतःवर नाराज झाला. लढत लांबली, दम लागला. तिथून त्यानं शिकवण्याची पद्धत बदलली, पळणं, वजनं उचलणं वाढवलं, जीन लबेल या ज्युदोवाल्याकडून पकडी शिकला. मला ब्रूस ली आवडतो तो यासाठी.

शड्डू_८४
म्हणजे जेट ली नुरा कुस्तीवाला?

उत्तरेश्वरचा_वाचक
अजिबात नाही. नुरा म्हणजे आतून ठरवून लोकांना फसवणं. ताओलूत कुणी फसवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. ११ वर्षांच्या पोरानं अख्ख्या देशात पहिलं येणं ही साधना आहे. लढणं हे वेगळं काम आहे, एवढंच माझं म्हणणं.

शड्डू_८४
तरी दारासिंग सगळ्यांत वरचढ. आधी आखाडा, मग सिनेमा. ब्रूस लीला पट काढून खाली घेतला असता.

किकमास्टर९०
जवळ आला असता तर ना. लीची साइड किक बघितलीय का?

शड्डू_८४
वजनातला फरक बघितलायस का? ६०-६५ किलोचा माणूस दारासिंगला किती ढकलणार? एकदा ढाक डाव बसला की किक कुठली अन् काय.

राजारामपुरी_गल्ली
वजनाचा मुद्दा बरोबर आहे. ली-नॉरिसच्या १९७२ च्या सिनेमातली रोमच्या कोलोसियममधली मारामारी सगळ्यांना आठवत असेल. तेच कोलोसियम शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात पाहिलं आणि तसंच मैदान आपल्या गावात हवं म्हणून खासबाग बांधलं. पोराला आधी एकदा खासबागेत नेऊन बसवा. कुठूनही बसलं तरी कुस्ती दिसते. तिथं बघितलेली एक निकाली कुस्ती शंभर सिनेमांपेक्षा जास्त शिकवते.

उचगावची_ताई
पंचगंगाकाठ दादा, मी तीन वर्षं मुलाला कराटेला पाठवत होते, क्लासचं नाव घेत नाही. फी महिना ६०० सांगितली. मग दर तीन महिन्यांनी बेल्टची परीक्षा, तिची फी वेगळी, शिबिर वेगळं, प्रमाणपत्र वेगळं. वर्षाचा हिशेब केला तर महिना हजाराच्या वर गेलं. शेवटी त्याच्याहून पंधरा किलोनं मोठ्या मुलाशी जोड लावली आणि मनगट मोडलं. सर म्हणाले, "लागतंच हो." कुठंही घाला, पण आधी चार दिवस बाहेर उभं राहून बघा. जोड वजन बघून लावतात का, पडायला आधी शिकवतात का, लागल्यावर शिकवणारा जवळ येतो का. आणि परीक्षेचे पैसे पहिल्याच दिवशी विचारा.

किकमास्टर९०
ताई, म्हणूनच मी तायक्वांदो म्हटलं. गार्ड असतात.

तांबडीमाती
तालमीत जोड वजनावरच लागते. वस्ताद नजरेनंच वजन सांगतो.

शेंडापार्क_रनर
मी पुण्यात एमएमए, म्हणजे सगळ्या प्रकारांची मिश्र लढत, करतो. वयाच्या तिशीत सुरू केलं याचं वाईट वाटतं. मुलाला शनिवार-रविवार पुण्याला आणा. महिना ३५०० मध्ये बॉक्सिंग, कुस्ती, जुजुत्सू सगळं एका छताखाली.

पंचगंगाकाठ
साहेब, ८०० लिहिलंय. एसटीचं तिकीटसुद्धा त्यात बसत नाही.

उत्तरेश्वरचा_वाचक
माझं मत ज्युदो. पडायला पहिल्या दिवसापासून शिकवतात, समोरचा माणूस खराखुरा ओढाताण करतो आणि ब्रूस लीला जे कमी पडत होतं ते हेच. शाळेच्या मैदानावर ज्युदोचे वर्ग बऱ्याच ठिकाणी कमी फीत चालतात, चौकशी करा. ज्युदोगी म्हणजे ज्युदोचा ड्रेस सेकंडहँड घ्या, या वयात पोरं वर्षात वाढतात.

शड्डू_८४
पडायला आधी शिकवतात हे ताईंनी आधीच सांगितलंय. पण ज्युदो चालेल, शेवटी कुस्तीच ती.

पंचगंगाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस फिरलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे बाहेर उभे राहून बघितलं. एक तायक्वांदो वर्ग, एक ज्युदो, दोन तालमी. ज्युदो मला स्वतःला फार आवडलं. पण परवा पेठेतल्या मर्दानी खेळाच्या सरावाशी पोरगा थांबला तो हलेचना. एक आजोबा दांडपट्टा फिरवत होते, त्याच्याएवढी पोरगी लाठी. वस्तादांनी त्याच्या हातात काठी दिली, पाऊण तास एकच हात घोटत बसला. घरी येईपर्यंत ब्रूस लीचं नाव नाही. वस्ताद फी घेत नाहीत, म्हणाले, रोज वेळेवर यायचं आणि सुट्टी सांगून घ्यायची. सोमवारपासून जातोय.

किकमास्टर९०
पण लाठीत समोर कोण असतं? ते ताओलूच झालं की.

पंचगंगाकाठ
असेल. वाचकसाहेबांचं सगळं मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "११ व्या वर्षी जेट ली पण हेच करत होता ना?"

तांबडीमाती
मर्दानी खेळ आपलाच, त्याला माझी ना न्हाई. पण दोन वर्षांनी मातीत आण त्याला. मांड्या आत्तापासून भरू देत.

उचगावची_ताई
डोक्याला जपा म्हणावं. ब्रूस लीच्या १९७३ च्या सिनेमात जॅकी चॅन स्टंटमन होता, लीची काठी चुकून खरीच त्याला लागली, हे जॅकीनंच सांगितलंय. सरावलेल्या माणसांचं असं होतं.

पंचगंगाकाठ
हो ताई, वस्तादांनी चार हात लांब उभं केलंय सगळ्यांना. एक शेवटचं विचारतो, घरी सरावाला काठी घ्यायचीय. वेताची घेऊ की बांबूची?

शड्डू_८४
वेताची. बांबू चिरतो, कूस हातात जाते.

राजारामपुरी_गल्ली
बांबूची. माझ्याकडची वीस वर्षं झाली तरी तशीच आहे, दर पावसाळ्याआधी तेल लावतो.

उत्तरेश्वरचा_वाचक
वस्तादांना विचारा आणि ते देतील ती घ्या.