सिबिलमध्ये 'एनएच' दिसतंय, पहिलं होमलोन होईल का? (नागपूर, रीसेल फ्लॅट)

मनीषनगर_रीसेल
नमस्कार मंडळी. मनीषनगरकडे ३४ लाखांचा जुना फ्लॅट पसंत आहे. पगार हातात ४६ हजार, मिहानमधल्या खासगी कंपनीत चार वर्षं, खात्यात जमा होतो. बायको खासगी शाळेत, १५ हजार. आजवर ना कार्ड, ना हप्ता. सिबिल काढलं तर स्कोअरच्या जागी 'एनएच'. एका बँकेत तोंडीच सांगितलं, "आधी स्कोअर बनवून या." हाताशी ९ लाख आहेत. थांबावं की फाईल टाकावी?

फाईल_वाचणारा
'एनएच' म्हणजे नो हिस्ट्री, खराब स्कोअर नव्हे. ६१० स्कोअरवाल्यापेक्षा तुमची फाईल बरी. कर्जाचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत सांगितलं आहे. किमान स्कोअरचा आकडाही तिनं ठरवलेला नाही. तो प्रत्येक बँकेचा आपला. म्हणजे मंजुरीची हमी नाही, पण नकार आला तर कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की पुष्कळदा फाईल पुढे सरकते.

सुरुवात पगार जमा होतो त्याच बँकेपासून करा. चार वर्षांचा पगार त्यांना स्क्रीनवर दिसतो, तोच तुमचा इतिहास. सोबत तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि आयटीआर, पीएफचं पासबुक, आणि घरभाडं खात्यातून जात असेल तर वर्षभराच्या नोंदी. आरडी किंवा एसआयपी न चुकता चालू असेल तर तेही लावा. नवख्या अर्जदाराच्या स्टेटमेंटमध्ये परत गेलेला एखादा ऑटो-डेबिट पहिल्यांदा डोळ्यांत भरतो, म्हणून गेले सहा महिने आधी स्वतः वाचा.

आणि एजंटाच्या नादी लागून सहा ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर चढते. कोऱ्या रिपोर्टवर नुसत्याच सहा चौकश्या म्हणजे फिरून फिरून नकार घेतलेला माणूस, असा अर्थ लावतात.

हप्ता_गणित
भाऊ, तुमचं अडणार ते स्कोअरवर नाही, उत्पन्नावर. ८.५ टक्के, २० वर्षं, तर लाखाला हप्ता साधारण ८६८ रुपये. कोऱ्या फाईलला हातातल्या पगाराच्या ४०-४५ टक्क्यांपर्यंतच हप्ता बसवतील असं धरून चला. ४६ हजारांचे ४५ टक्के २०,७००, म्हणजे पावणेचोवीस लाखांच्या आसपास कर्ज.

आता खर्च. स्टॅम्प ड्युटी सगळे अधिभार धरून सात टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. वकील, व्हॅल्युएशन, प्रोसेसिंगचे २५ हजार वेगळे. एकूण ३७ लाखांना जरा कमी. तुमचे ९ वजा केले तर २८ लाख कर्ज हवं. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा आहे, त्यामुळे ती अडचण नाही. मात्र स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत, ती खिशातूनच.

म्हणून वहिनींना सहअर्जदार करा. ६१ हजारांवर हप्त्याची जागा २७ हजारांच्या वर जाते, २८ लाखांचा हप्ता २४,३०० येतो. पण शाळा पगार रोख देत असेल तर तो बँकेच्या हिशेबी शून्य. मग आजपासून खात्यात घ्यायला लावा आणि सहा महिने थांबा; थांबायचं असेल तर या कारणासाठी थांबा, स्कोअरसाठी नाही. त्यांचाही रिपोर्ट आधी काढा. विसरलेलं 'नंतर पैसे भरा' वालं पाचशे रुपयांचं खातंसुद्धा जोडीची फाईल पाडतं.

आरएल_आहे_का
हे सगळं ठीक आहे जी, पण नागपुरात फाईल माणसापेक्षा जागेवर जास्त मरते. फ्लॅट ज्या प्लॉटवर उभा आहे त्याचं नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यास) आरएल लेटर, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, आहे का, ते आधी पाहा. बेसा, हुडकेश्वर, मानेवाडा या पट्ट्यात गुंठेवारीचे, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेले, लेआउट भरपूर. डिमांड (नियमित करून घेण्याचे पैसे) भरल्याची पावती दाखवून "आरएल येतेच आहे" म्हणतात; पावती म्हणजे आरएल नव्हे.

मग मंजूर नकाशा. तीन मजले मंजूर आणि वर चौथा चढवलेला, हा नेहमीचा प्रकार. तुमचा फ्लॅट त्या चौथ्यावर असला तर बँकेच्या पॅनेलचा वकील तिथंच पेन ठेवतो. भोगवटा प्रमाणपत्र, आखीव पत्रिका, मनपाची कर पावती, आणि आपल्याकडे बहुतेक इमारती अपार्टमेंट कायद्याखाली असल्यानं डीड ऑफ डिक्लेरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणल्याचं नोंदलेलं घोषणापत्र) हेही लागेल. मुंबईवाल्यांचे सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचे सल्ले इथं वाचू नका. आधीच्या प्रत्येक विक्रीचं मूळ खत हवं. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतील, तिथून कागदांची यादी आणि बाकी रकमेचं पत्र मागवा.

इसार देताना ५० हजार-लाखाच्या वर जाऊ नका. इसारपत्रात ओळ घालाच: कर्ज नामंजूर झाल्यास किंवा हक्कात दोष निघाल्यास इसार पूर्ण परत. मुदत ६० ते ९० दिवसांची ठेवा, सर्च रिपोर्टलाच (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) वेळ जातो.

मनीषनगर_रीसेल
बायकोचा पगार खात्यातच येतो. पण मंजुरी नाहीच झाली तर? एफडीवर कार्ड घेऊन ठेवू का?

फाईल_वाचणारा
घ्या, पण फाईल टाकल्यावर नाही, आधी. २५ हजारांच्या एफडीवर साधारण २० हजारांची मर्यादा मिळते. महिन्याला पाच-सहा हजारांच्या आत वापरायचं आणि 'मिनिमम ड्यू' न भरता पूर्ण बिल भरायचं. स्कोअर उमटायला सहा महिने धरा. जानेवारी २०२५ पासून बँका किमान पंधरवड्याला सिबिलसारख्या कंपन्यांना माहिती पाठवतात, त्यामुळे चूकही लवकर दिसते. रिपोर्टमध्ये चुकीची नोंद निघाली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

हाउसिंग फायनान्स कंपन्या कोऱ्या फाईलला लवकर हो म्हणतात. फरक दरात. बँकांचं फ्लोटिंग (बदलत्या दराचं) होमलोन रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेलं असतं, या कंपन्यांचा दर त्यांच्याच पीएलआरला, म्हणजे त्यांनी स्वतः ठरवलेल्या मूळ दराला. घेतलंत तर १२ हप्ते वेळेवर भरून बँकेकडे वळवा. फ्लोटिंगवर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, पण वकील आणि गहाणखताचा खर्च पुन्हा होतो.

हप्ता_गणित
एक राहिलं. पीएमएवाय (पंतप्रधान आवास योजना) शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे, पाच वर्षांत मिळून कमाल १ लाख ८० हजार. घर तुमचं बसतं, कर्ज ३ लाखांनी बाहेर जातं. सासर-माहेरकडून तीन लाखांची सोय होत असेल तर विचार करा. कुटुंबाच्या नावे देशात कुठंही पक्कं घर नसावं, ही अट आहे.

रजिस्ट्री एकट्या वहिनींच्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट, म्हणजे ३४ हजार. दोघांच्या नावावर केली की ती सूट गेली.