मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर हिपॅटायटिस ई
नमस्कार मंडळी, दादा जर्मनीत असतो, किडनी ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस (किडनी रिजेक्ट होऊ नये म्हणून इम्युनिटी दाबणारं औषध) चालू आहे. मध्यंतरी रुटीन तपासणीत एसजीपीटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढलेलं आलं, कावीळ नाही ताप नाही, नुसता थकवा. हिपॅटायटिस ईची अँटीबॉडी टेस्ट निगेटिव्ह, तरी डॉक्टरांनी पीसीआर (थेट व्हायरस शोधणारी टेस्ट) करायला लावली, कारण म्हणे इम्युनिटी दाबलेली असली की कधी कधी अँटीबॉडी बनतच नाहीत, आणि ती पॉझिटिव्ह! आपल्याकडे हा घाण पाण्यातून होतो आणि आपोआप बरा होतो एवढंच माहीत होतं, तिकडचा जिनोटाइप 3 (याच व्हायरसचा एक प्रकार) मात्र बहुतेक डुकराच्या कच्च्या-अर्धवट शिजलेल्या मांसातून येतो आणि ट्रान्सप्लांटवाल्यांमध्ये 3 महिने उलटले तरी अंगात राहू शकतो, पुढे सिरॉसिससुद्धा (लिव्हर कायमचं खराब होणं). (आईला मांसाचं अजून सांगितलेलं नाही, ते वेगळंच महाभारत होईल.)

आता आधी टॅक्रोलिमस कमी करून बघणार, नाहीतर 3 महिने रिबाव्हिरिन (व्हायरसवरचं औषध). डोस कमी केला तर किडनी रिजेक्ट व्हायची भीती, रिबाव्हिरिनने हिमोग्लोबिन उतरतं आणि त्याचं आधीच कमी.

कुणाच्या घरी झालंय का हे? हिमोग्लोबिन कसं सांभाळलं? पीसीआर निगेटिव्ह आल्यावर परत उलटलं का? आणि प्लीज गुळवेल-काढे सुचवू नका, गुळवेलीने लिव्हर बिघडल्याच्या केसेस कोविडच्या काळात मुंबईतच निघाल्यात.