उधारीची गायिका? व्हिटनी ह्यूस्टनबद्दल असं लिहिणाऱ्यांना उत्तर

सूरवेडी
परवा परखडरावांनी इथे लिहिलं की अमेरिकन गायिका व्हिटनी ह्यूस्टन म्हणजे आयता गळा, उधारीची गाणी आणि नवऱ्याच्या नादाने झालेलं मातेरं. सिनेमात आली तीही नुसत्या चेहऱ्यावर. दोन दिवस गप्प बसले, पण डोक्यातून जाईना.

आयता गळा कसा? आई सिसी ह्यूस्टन. अरेथा फ्रँकलिन आणि एल्विस प्रेस्ली या बड्या गायकांच्या मागे गाणाऱ्या चमूतली मुख्य बाई. नेवार्कच्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमधला गायकवृंद तीच सांभाळायची आणि पोरीला तिथेच उभं करून घडवलं. आपल्याकडे याला घरची तालीम म्हणतात. रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिसने करार केला १९८३ मध्ये, पहिला अल्बम आला १९८५ मध्ये. मधली दोन वर्षं गाणी निवडण्यात आणि तयारीत गेली. त्यानंतर अमेरिकेत लागोपाठ सात गाणी पहिल्या क्रमांकावर.

आणि 'बॉडीगार्ड' सिनेमातलं ते गाणं, 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. सुरुवातीला जवळजवळ पाऊण मिनिट एकही वाद्य नाही. नुसता आवाज आणि श्वास. हे आयत्या गळ्याचं काम नाही.

परखड
ताई, तुमच्याच उदाहरणावर बोलू. वाद्याविना सुरुवात करायचा हट्ट सिनेमाचा नायक केव्हिन कॉस्टनरचा. वाद्यमेळ संगीतकार डेव्हिड फॉस्टरचा. गाणं गायिका डॉली पार्टनचं, १९७४ चं. मग तुमच्या बाईंचं काय उरलं? डॉलीने ते स्वतः लिहिलं, स्वतः गायलं. एल्विसला ते गायचं होतं तेव्हा त्याच्या मॅनेजरने निम्मे हक्क मागितले, तर डॉली नाही म्हणाली. पुढे व्हिटनीने गायलं तेव्हा लेखनाचे पैसे कोणाला मिळाले? डॉलीलाच. कलावंत मी तिला म्हणतो.

राहिलं तिने गायलेलं अमेरिकेचं राष्ट्रगीत. जानेवारी १९९१, सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, टॅम्पाचं मैदान. ज्याचं लोक एवढं कौतुक करतात, त्या वेळी माईक बंद होता. आवाज आधी रेकॉर्ड केलेला.

सूरवेडी
लिहिणारा तेवढा कलावंत? मग आपल्याकडे गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, आणि आशाबाईंनी गायलं त्याला काय हमाली म्हणायचं? शब्द कागदावर असतात तोवर ते सगळ्यांचे. ते कोणाच्या गळ्यातून आले की कायमचे त्याचे होतात, एवढंच पाहायचं. डॉलीबद्दल मला आदरच आहे, पण जगाला ते गाणं आज कोणाच्या आवाजात आठवतं?

ऑक्टोपॅडवाला
इथे कधी लिहीत नाही, पण माईक बंद होता हे वाचून राहवलं नाही.

बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतोय. सांगली, मिरज, कोल्हापूर, उन्हाळ्यात कोकणातल्या जत्रा. आम्ही चौदा जण टेम्पोतून जायचो. ढोलकी, ट्रंपेट, सॅक्सोफोन, दोन कीबोर्ड, सगळं. आता गायक पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि ट्रॅकवर गातो. काही जण तर गातही नाहीत, नुसते ओठ हलवतात. गेल्या गणपतीत एका मंडळाने सांगितलं, वाजवणारे नकोत, साउंडवाला आहे. आमचा सॅक्सोफोनवाला आता रिक्षा चालवतो. मोठे लोक माईक बंद ठेवून टाळ्या घेतात, म्हणूनच खाली हे चालतं.

न्यूजर्सीकर
दादा, तुमचं दुःख समजतं, पण हिशोब चुकतोय. सत्तर हजारांचं उघडं मैदान, आवाज घुमून उशिरा कानावर येतो. अशा जागी गायक आणि वाद्यवृंद एका तालात ठेवणं फार अवघड. त्या दिवशी मागचा अख्खा वाद्यवृंदही रेकॉर्डवरच होता. आणि रेकॉर्डवर गायलं कोणी? तिनेच.

अजून एक. त्या राष्ट्रगीताचा मूळ ठेका तीन मात्रांचा. तिच्यासाठी तो चार मात्रांत बसवला, त्यामुळे तिला प्रत्येक ओळीत पसरायला जागा मिळाली. आखाती युद्ध सुरू होऊन दहा दिवस झाले होते. माझे शेजारी आजही त्या दिवसाबद्दल बोलताना आवंढा गिळतात. विक्रीतून आलेला पैसा रेड क्रॉसला गेला.

ऑक्टोपॅडवाला
चार मात्रांचं आत्ता ऐकलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे, श्वासाला जागा झालीय. पण मैदान मोठं म्हणून रेकॉर्ड, मग मंडप मोठा म्हणून रेकॉर्ड, मग हॉलसुद्धा मोठा वाटायला लागतो. थांबायचं कुठे?

परखड
तुमची कामं गेली ती लोकांची आवड बदलली म्हणून. विषय व्हिटनीचा आहे, तुमच्या टेम्पोचा नाही.

ऑक्टोपॅडवाला
टेम्पोचं बोलू नका. त्या टेम्पोतून आमच्या चौदा घरांच्या चुली पेटत होत्या. तुम्ही कधी रात्री दोन वाजता पावसात अँप्लिफायर उतरवलाय? रेकॉर्डचा विषय तुम्ही काढलात, मी नाही.

सूरवेडी
परखडराव, हे बोलायला नको होतं. माफी मागा.

परखड
शब्द जड गेले असतील तर परत घेतो. मुद्दा नाही.

निशिगंध
सगळे माईकवर अडकलात. मला 'नवऱ्याच्या नादाने' हे टोचलं.

माझा मोठा भाऊ शिक्षक होता. दारू लग्नाआधीपासून. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. तो गेला तेव्हा तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, बायको धड असती तर पोरगा वाचला असता. वहिनी मान खाली घालून पुऱ्या लाटत होती. आमच्यातलं कोणी बोललं नाही. मीही नाही. ते अजून छळतं.

व्हिटनीच्या भावांनी नंतर कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की ड्रग्ज घरात लग्नाच्या आधीपासून होते. आणि २००२ मध्ये वडिलांच्याच कंपनीने तिच्यावर दहा कोटी डॉलरचा दावा ठोकला. सगळं घर तिच्या गळ्यावर जगत होतं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हॉटेलातल्या बाथटबमध्ये गेली. एका माणसावर बोट ठेवलं की बाकीचे सगळे सुटतात.

न्यूजर्सीकर
बाहेरचेही सुटतात. १९८९ च्या सोल ट्रेन पुरस्कारांत, म्हणजे काळ्यांच्या संगीताच्या पुरस्कारांत, तिच्या नावाला हुर्यो मिळाली, ही गोऱ्यांसाठी गाते म्हणून. गोरे म्हणायचे आमच्यासारखी गाते, काळे म्हणायचे आमची राहिली नाही. तिच्या अंत्यविधीला आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. त्याच न्यू होप चर्चमध्ये झाला, जिथे ती लहानपणी गायली.

परखड
निशिगंध, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. नवऱ्याबद्दलचं वाक्य मागे घेतो. ते मी न तपासता लिहिलं होतं. पण अभिनयाचं काय? तीन-चार सिनेमे, त्यात बहुतेक वेळ ती स्वतःच.

सूरवेडी
महान अभिनेत्री होती असं मी म्हणणार नाही. पण १९९७ चा टीव्हीवरचा 'सिंड्रेला' विसरू नका. निर्मात्यांत ती होती, आणि सिंड्रेला झाली ब्रँडी, एक काळी मुलगी. स्वतः परीमावशी झाली. पस्तिशीही न ओलांडलेल्या, शिखरावरच्या बाईने राजकन्येची जागा दुसरीला दिली. त्याआधीच्या वर्षी सिनेमासाठी ती पुन्हा चर्चची गाणी गायली, आईने शिकवलेली. ही माझ्या दृष्टीने तिची निवड आहे, कॉस्टनरची नाही आणि डेव्हिसचीही नाही.

परखड
'सिंड्रेला' पाहिलेला नाही. पाहीन. लिहिणारा मोठा, हे मात्र माझं मत तसंच आहे.

ऑक्टोपॅडवाला
रात्री हेडफोन लावून 'बॉडीगार्ड'वालं गाणं तीनदा ऐकलं. शेवटाकडे ती थांबते, सगळं शांत होतं, मग ड्रमचा एक ठोका पडतो आणि ती वरच्या पट्टीत जाते. तो ठोका नसता तर ती तशी वर गेली नसती, मी वाजवणारा आहे म्हणून सांगतो. कोणी वाजवलाय ते शोधलं. रिकी लॉसन नावाचा ड्रमर. या अख्ख्या धाग्यात त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवतोय.